पाण्यातले धन आणि त्याचा धनी

सोनईहून शिंगणापूर फार लांब नाही. पायी निघालेला माणूस तास-सव्वा तासात पोहोचतो. घरांना दारे-कुलपे न लावण्याची तिथली प्रथा आता देशभर ठाऊक झाली आहे. बाहेरगावचे लोक ती नवल म्हणून पाहावयास येतात. आपण तर शेजारी. आपल्याला त्या प्रथेचे नवल वाटण्यापेक्षा तिच्यामागचा प्रश्न अधिक जवळचा वाटावयास हवा. ज्या वस्तूवर कुणाची नजर नाही, जिला कडी नाही की कुलूप नाही, ती उचलू नये हे माणसाला सांगते कोण? वस्तू घरात असेल तर उत्तर सोपे आहे, कारण ती कुणाची हे गावाला माहीत असते. परंतु तीच वस्तू नदीत पडली, वाळूखाली गेली, वरून चार पावसाळे वाहून गेले, म्हणजे मग ती कुणाची?

हा प्रश्न आज काढण्याचे कारण असे की, अलीकडे जगात एक नवा छंद रूढ झाला आहे. हातात धातू हुडकणारे यंत्र घ्यावयाचे, गुडघाभर किंवा गळाभर पाण्यात उतरावयाचे, नाहीतर पाठीवर हवेची टाकी बांधून तळाशीच जावयाचे, आणि लोकांच्या हरवलेल्या अंगठ्या, साखळ्या, नाणी शोधावयाची. पोटासाठी नव्हे, हौसेसाठी. आपल्याकडे हा छंद अजून नवा आहे. परंतु ही यंत्रे आता इकडेही विकत मिळतात, आणि नदीचा घाट तर प्रत्येक तीर्थाला आहे. तेव्हा हा छंद आपल्या दारात येण्यापूर्वीच त्याची मागची कथा आणि त्याचा धर्म समजून घेतलेला बरा, असे आम्हांला वाटते.

प्रारंभी घरातली एक हकिकत सांगतो. आमची आजी एका पर्वणीला प्रवरासंगमावर स्नानाला गेली होती. प्रवरा जिथे गोदावरीला मिळते तो हा संगम. पलीकडे टोक्याचे सिद्धेश्वराचे देऊळ. डुबकी मारून वर आली तो तिच्या एका कानातली कुडी नाहीशी झालेली. बरोबरच्या बायांनी पायांनी वाळू चाचपली, मुलांनी बुड्या मारल्या, काही लागले नाही. आजी एका कानाने घरी आली. महिन्याभराने एक भोई म्हातारा पत्ता विचारीत दारात उभा राहिला. पाणी ओसरल्यावर जाळे धुताना वाळूत त्याला काहीतरी चकाकताना दिसले होते, आणि कुणाची कुडी गेली ही बातमी घाटावर सर्वांना होतीच. आजी हात पुढे करून उभी राहिली. पण म्हाताऱ्याने मूठ उघडली नाही. तो म्हणाला, “माय, जोडीची दाखवा.” आजीला तो अपमान वाटला. आजोबा मात्र हसले आणि आतून डबी घेऊन आले. म्हाताऱ्याने दोन्ही कुड्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या, मोती मोजले, फिरकी पाहिली, आणि मगच दोन्ही आजीच्या ओंजळीत घातल्या. शिधा घेतला, त्याच्या घरच्या बाईसाठी लुगडे घेतले, आणि संध्याकाळच्या आत नदीवर परत गेला.

आमच्या घरात ही गोष्ट म्हाताऱ्याच्या प्रामाणिकपणाची म्हणून सांगत. तो प्रामाणिक होता यात शंका नाही. परंतु वय वाढले तशी आम्हांला त्या गोष्टीतली दुसरी बाजू अधिक मोलाची वाटू लागली. प्रामाणिक माणूससुद्धा मिळालेली वस्तू पहिल्या मागणाऱ्याच्या हाती देऊन मोकळा होऊ शकतो. म्हाताऱ्याने तसे केले नाही. सापडलेली वस्तू ही निम्मीच वस्तू आहे, तिची जोडी जुळेपर्यंत ती खऱ्या अर्थाने सापडलेली नाही, हे त्याला कळत होते. आजच्या आमच्या साऱ्या विवेचनाचे सूत्र त्याच्या त्या चार शब्दांत आहे.

पाण्यात गेलेले काढण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. विहिरीत पोहरा किंवा कळशी पडली की शेजारून लोखंडी गळ मागून आणावयाचा, तो दोराला बांधून तळाशी फिरवावयाचा, आणि हाताला ओढ लागली की हलकेच वर घ्यावयाचे, हे ज्यांनी केले नाही असे घर जुन्या पिढीत सापडणार नाही. गावात एखादा पट्टीचा बुड्या मारणारा असे. दागिना विहिरीत गेला की त्याला बोलावणे जाई. ही झाली घरगुती तऱ्हा. पण केवळ याच कामावर पोट भरणारी माणसेही महाराष्ट्रात होती. सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन तो धुवावयाचा, गाळावयाचा आणि त्यातून सोन्याचांदीचे कण वेगळे करावयाचे, हा धंदा करणाऱ्यांना झारेकरी म्हणत. पूर्व विदर्भात वैनगंगेच्या खोऱ्यात नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण मिळविणारे सोनझरी याच वाटेवरचे. आज परदेशातील हौशी शोधक पाण्यातली वाळू उपसण्यासाठी लांब दांड्याचा, भोके पाडलेला एक पळा वापरतात. वाळू आणि पाणी खाली गळून जाते, वस्तू वर राहते. आपल्या स्वयंपाकघरातल्या झाऱ्याचाच तो मोठा भाऊ. झारेकऱ्याला तो दाखविला असता तर त्याने लगेच ओळखला असता.

तीर्थाच्या घाटावर आणखी एक देखावा आपण सर्वांनी पाहिला आहे. नाशिकला पाहा, पंढरपुरास पाहा; यात्रेकरू नदीला नाणे वाहतात आणि थोड्या अंतरावर पोरे दोरीला लोहचुंबक बांधून तो पाण्यातून ओढीत असतात. चुंबक वर आला की त्याला रुपया चिकटलेला असतो. या पोरांच्या धंद्याला टाकसाळीनेच हातभार लावला आहे. पूर्वी आपली बरीच नाणी तांबे व निकेल यांच्या मिश्रणाची असत; त्यांना चुंबक धरीत नाही. १९८८ पासून गंज न चढणाऱ्या, पण चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची नाणी निघू लागली आणि घाटावरच्या पोरांना नवे हत्यार मिळाले. परंतु त्याच पाण्यात कुणाची सोन्याची अंगठी पडली असेल तर चुंबक तिच्यावरून शंभर वेळा फिरला तरी ती हलणार नाही. सोने, चांदी, तांबे यांचे चुंबकाशी सख्य नाही. तिथे दुसरे साधन लागते.

त्या साधनाचा इतिहास मोठा विलक्षण आहे, कारण त्याचा आरंभ सोन्याच्या शोधात झालेला नाही. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर एका माथेफिरूने गोळी झाडली. गोळी शरीरात कुठे रुतली आहे हे डॉक्टरांना कळेना. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अजून चौदा वर्षे होती. तेव्हा टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने तारेच्या वेटोळ्यांचे एक यंत्र तयार केले. धातू जवळ आला की टेलिफोनच्या कर्ण्यात आवाज व्हावा, अशी त्याची योजना होती. प्रयोगात यंत्र चांगले चाले; अध्यक्षांच्या शय्येजवळ नेले की गोंधळे. अंथरुणाखाली पोलादी स्प्रिंगा होत्या, हे एक कारण. आणि गोळी ज्या बाजूला आहे असे डॉक्टर धरून चालले होते त्याच बाजूला शोध चालला होता, हे दुसरे. १९ सप्टेंबरला अध्यक्ष मृत्यू पावले. यंत्र खोटे नव्हते. शोध कुठे घ्यावयाचा हे ठरविणारी माणसे चुकली होती. यंत्राच्या इतिहासातली ही पहिली शिकवण पुढेही उपयोगी पडणार आहे.

पुढे गेरहार्ड फिशर नावाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकेत हातात नेण्याजोगे धातुशोधक यंत्र सिद्ध केले आणि १९३७ साली त्याला पेटंट मिळाले. मग दुसरे महायुद्ध आले. युझेफ कोसात्स्की हा पोलंडचा लष्करी अभियंता. देश पडल्यावर तो ब्रिटनमध्ये आला होता. त्याने जमिनीत पुरलेले सुरुंग हुडकणारे यंत्र तयार केले आणि त्याचे पेटंट न घेता ते ब्रिटिश सैन्याला देऊन टाकले. १९४२ साली आफ्रिकेत एल अलामीनच्या लढाईत ते वापरले गेले आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून वाट काढण्याचे काम कितीतरी जलद झाले. युद्ध संपले, तशी सैन्याची शिल्लक राहिलेली यंत्रे बाजारात स्वस्तात विकली गेली. काही हौशी माणसांनी ती घेतली आणि रानात, किनाऱ्यावर फिरू लागली. त्याच सुमारास, १९४३ मध्ये, फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यँ यांनी पाठीवर हवा घेऊन पाण्याखाली श्वास घेण्याचे साधन तयार केले होते. ही दोन्ही साधने पुढे एकत्र आली आणि आजचा छंद जन्मास आला. ज्या यंत्राने माणसे मरू नयेत म्हणून सुरुंग शोधले, तेच आता कुणाची हरवलेली अंगठी शोधू लागले.

या यंत्राचे तत्त्व अवघड नाही. दांड्याच्या टोकाला तारेचे गोल वेटोळे असते. त्यातून बदलता विद्युत्प्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की धातूमध्येही लहान लहान प्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात, आणि त्यांचे उलटे क्षेत्र यंत्राला जाणवते. कानाला लावलेल्या कर्ण्यात आवाज उठतो. लोखंड, तांबे, सोने, कोणताही धातू चालतो. नदीचे गोडे पाणी या कामात फारसे आडवे येत नाही. समुद्राचे खारे पाणी मात्र स्वतःच विद्युत्वाहक असल्याने यंत्राला फसवते. म्हणून समुद्रासाठी वेगळ्या जातीची यंत्रे निघाली. ती क्षणभर प्रवाहाचा ठोका देतात, मग तो तोडून कान देऊन ऐकतात. खाऱ्या पाण्याचा प्रतिसाद चटकन विरतो, धातूचा थोडा रेंगाळतो, आणि तेवढ्यावरून ती ओळख पटवतात.

तरीही या यंत्राला जादूचा दिवा समजू नये. अंगठीएवढी वस्तू ते वीत-दीड वीत खोलीपर्यंतच सांगते. सोन्याची अंगठी आणि पेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांचा आवाज पुष्कळदा सारखाच येतो. सोने म्हणून उपसावे तो हाती कडी. शिवाय आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात लोहाची खनिजे आहेत. तो पाषाण झिजून जी काळी रेती नद्यांत येते तिच्यावरही यंत्र कुरकुरते. तेव्हा खरा शोधक यंत्रावर भरवसा टाकून भटकत नाही. वस्तू कुठे पडली, पाणी किती होते, ओढ कोणत्या अंगाला होती, हे तो हरविणाऱ्याला बसवून विचारतो. मग दोऱ्या ताणून पाण्याचे पट्टे पाडतो आणि नांगरणाऱ्या शेतकऱ्याप्रमाणे तासामागून तास घेतो. बेलचे यंत्र जिथे हरले तिथे हा जिंकतो, तो अशा विचारपूस करण्यामुळे.

आता पाण्यात गेलेल्या धनाचे आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण पाहू. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता, कराचीला भरलेल्या कापसाच्या गाठी होत्या, आणि सोन्याच्या १२४ विटा होत्या. एकेक वीट पावणेतेरा किलोच्या आसपास. दुपारी आग लागली; चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे मेली, कितीतरी जहाजे बुडाली, गोदीलगतची वस्ती जळून गेली. सतराशे किलोमीटरवरच्या सिमल्याच्या भूकंपमापकावर तो हादरा नोंदला गेला. त्या भीषण वर्षावात सोन्याच्या विटाही आकाशात उडाल्या. एक वीट दूरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरावर येऊन पडली. त्यांनी ती सरकारजमा केली. भोवती शहर जळत असताना आणि कुणी मोजदाद करीत नसताना केलेली ही गोष्ट आहे, हे ध्यानात घ्यावे.

बऱ्याच विटा गोदीच्या पाण्यात आणि चिखलात गेल्या. हजारो मजूर कित्येक महिने गोदी साफ करीत होते. पुढेही जहाजांना खोली मिळावी म्हणून गाळ उपसण्याचे काम वरचेवर चालले, आणि त्या गाळातून मधूनमधून विटा वर येत राहिल्या. थेट २०११ सालापर्यंत त्या मिळाल्याची नोंद आहे. सदुसष्ट वर्षे चिखलात राहूनही सोने सोनेच राहिले, आणि त्याचा धनीही कागदोपत्री कायम राहिला. मिळाले ते सरकारजमा झाले. त्याच वर्षी त्याच गोदीच्या गाळातून एक जिवंत तोफगोळाही निघाला. ज्या पाण्याच्या पोटात सोन्याची वीट होती त्याच पोटात मृत्यूही निजला होता. पाण्याखाली हात घालणाऱ्या प्रत्येक हौशी माणसाने हे दोन्ही लाभ एकाच वेळी आठवावेत.

मुंबईच्या सोन्याचा धनी कागदावर होता. ज्याचा धनी हजारो वर्षांपूर्वी मातीत गेला, त्या वस्तूचे काय? त्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात, प्रवरेच्या डाव्या तीरावर, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना काशाच्या चार मूर्ती सापडल्या. एक बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यावर उभा असलेला पुरुष, एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा. चारही मिळून साठ किलोंहून अधिक वजन. भारताच्या प्राचीन धातुकलेत त्यांच्या तोडीच्या वस्तू फार थोड्या आहेत. त्या वितळवल्या गेल्या नाहीत, भंगारात गेल्या नाहीत, पुरातत्त्व खात्याच्या हाती आल्या, हे आपणा सर्वांचे भाग्य.

परंतु त्यांच्या बाबतीत एक हळहळ कायमची राहिली. त्या उत्खननात, थराथराने माती काढताना मिळाल्या असत्या, तर त्यांच्या शेजारी कोणती खापरे होती, खाली कोणता थर होता, हे नोंदले गेले असते. दायमाबादला पद्धतशीर उत्खनन १९५८-५९ मध्ये झाले होते आणि मूर्ती मिळाल्यावर १९७९ पर्यंत पुन्हा झाले. सावळदा, उत्तर हडप्पा, माळवा, जोर्वे अशा वस्त्यांचे थर तिथे एकावर एक मिळाले. पण मूर्ती नेमक्या कोणत्या थराच्या, हे त्यांच्याबरोबर वर आले नाही. मधुकर ढवळीकरांसारख्या विद्वानांनी त्या उत्तर हडप्पा काळाच्या ठरविल्या. डी. पी. अगरवाल यांनी शंका काढली की, या मूर्तींच्या धातूत आर्सेनिकचे प्रमाण शेकडा एकाहून अधिक आहे, आणि त्या काळच्या इतर वस्तूंत तसे आढळत नाही. तेव्हा त्या बऱ्याच नंतरच्या असू शकतील. वाद विद्वानांचा आहे. तो इथे सोडविण्याचा आमचा अधिकार नाही. आम्हांला सांगावयाचे ते इतकेच की, मूर्ती मिळाल्या, त्यांची जोडी मिळाली नाही. कुडीची जोडी डबीत असते. जुन्या वस्तूची जोडी म्हणजे तिची जागा: ती ज्या मातीत, ज्या खोलीवर, ज्या शेजाऱ्यांसह पडली होती ती जागा. ती एकदा मोडली की ब्रह्मदेवालाही पुन्हा जुळविता येणार नाही. त्या शेतकऱ्याचा यात काडीचा दोष नाही. तो मूर्ती शोधावयास गेला नव्हता. जो यंत्र घेऊन मुद्दाम शोधावयास जातो, त्याला मात्र ही सबब सांगता येत नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या नेवाशाचे. तालुक्याचे हे गाव आपण ज्ञानेश्वरीसाठी ओळखतो. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. हसमुख सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केले आणि अश्मयुगापासूनचा मानवी वस्तीचा पट उलगडला. तिथे एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तीन हजार वर्षांपूर्वीचे मूल आणि त्याच्या गळ्यातले तांबे. ज्याला केवळ धातू हवा त्याने ते मणी घासून लख्ख केले असते. अभ्यासकांनी ते तसेच, गंजासह राखले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तो मण्यांच्या आत ओवलेल्या धाग्याचे अवशेष होते, आणि त्यांत कापूस व रेशीम यांची ओळख पटली. कापड-सूत आपल्या हवेत इतकी वर्षे टिकत नाही. तांब्याच्या क्षारांनी ते टिकविले होते. म्हणजे ज्याला आपण गंज म्हणून फेकतो, त्याच गंजाने एका आईने ओवलेला धागा आपल्यापर्यंत पोहोचविला. घाईने घासणारा हात तिथे असता तर मणी उरले असते, आणि धागा, म्हणजे इतिहास, गेला असता.

आता कायद्याकडे वळू, कारण हौशी माणूस बहुधा यालाच शेवटी विचारतो आणि ते पहिल्यांदा विचारावयास हवे. हरवलेल्या वस्तूचा विचार आपल्याकडे पुरातन आहे. हरवलेले धन राजाने तीन वर्षे जपावे, त्या अवधीत धनी आला तर त्याला द्यावे; पण “हे माझे” म्हणणाऱ्याला त्याचे रूप व संख्या विचारावी, आणि खोटे मागणाऱ्याला तेवढ्याच किमतीचा दंड करावा, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. प्रवरासंगमावरच्या भोयाने स्मृती वाचली नव्हती. पण “जोडीची दाखवा” म्हणताना त्याने हाच न्याय केला होता.

इंग्रजी अमलातील कायदाही याच दिशेने गेला. १८६० च्या दंडसंहितेत समजुतीसाठी उदाहरणे दिलेली आहेत. हमरस्त्यावर रुपया सापडला, कुणाचा ते ठाऊक नाही, आणि तो उचलला, तर तो गुन्हा नव्हे. पण मौल्यवान अंगठी सापडली आणि धनी शोधण्याचा यत्न न करता ती लगेच विकली, तर तो गुन्हा. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हे तत्त्व कायम आहे. म्हणजे घाटावरची पोरे रुपया काढतात तेव्हा ती चोर ठरत नाहीत. नदीला वाहिलेल्या पैशावर वाहणाऱ्याने स्वतःच पाणी सोडलेले असते. अंगठी मात्र कुणी वाहत नाही, ती हरवते. १८७२ च्या करार कायद्याने सापडविणाऱ्याचे कर्तव्य आणि हक्क दोन्ही सांगितले. त्याने वस्तू दुसऱ्याची ठेव समजून जपावी. श्रमांचा मोबदला मिळावा म्हणून तो दावा लावू शकत नाही. पण मोबदला मिळेपर्यंत वस्तू आपल्यापाशी ठेवू शकतो, आणि धन्याने बक्षीस जाहीर केले असेल तर त्यासाठी दावा लावू शकतो.

जमिनीत दडलेल्या जुन्या धनासाठी १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे असे धन मिळाले तर सापडविणाऱ्याने कलेक्टरला कळविले पाहिजे. न कळविल्यास तुरुंगवासाचीही तरतूद आहे. धनी पुढे आला नाही तर, दुसरा काही करार नसल्यास, तीन हिस्से सापडविणाऱ्याचे आणि एक हिस्सा जागेच्या मालकाचा. सरकारला ते हवे असेल तर सरकार मूळ किंमत आणि तिचा पाचवा हिस्सा वर देऊन घेऊ शकते. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यवहारावर बंधने आहेत, आणि संरक्षित स्थळी परवानगीवाचून खणणे १९५८ च्या कायद्याने वर्ज्य आहे.

इंग्लंडात या छंदाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तिथे थेम्स नदीच्या ओहोटीच्या चिखलात वस्तू वेचणारे लोक पुष्कळ पूर्वीपासून होते. यंत्रे आल्यावर त्यांची संख्या वाढली, आणि पुरातत्त्ववेत्ते व शोधक यांच्यात वितुष्ट आले. १९९६ साली नवा कायदा झाला, आणि १९९७ पासून अशी योजना सुरू झाली की, ज्या वस्तू कायद्याने जमा करावयाच्या नाहीत त्यांचीसुद्धा शोधकाने स्वखुशीने नोंद करावी. वस्तू त्याच्यापाशी राहते, नोंद सर्वांची होते. अशा नोंदी आज दहा लाखांच्या पुढे गेल्या आहेत. हौशी माणसांवर विश्वास टाकला आणि त्यांना “कुठे मिळाली ते सांगा” एवढेच विचारले, तर तीच माणसे इतिहासाची सेवक होतात. त्याचबरोबर, कुणाची अंगठी समुद्रात गेली की हाक येताच धावून जाणारे आणि ती परत देणारे शोधकही अनेक देशांत आहेत. या छंदाचे सर्वांत सुंदर रूप आम्हांला तेच वाटते.

आपल्या भागात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. १९७६ साली जायकवाडीचे धरण पुरे झाले आणि नाथसागराचे पाणी गोदाकाठाने वर चढले. किती गावे उठली, किती उंबरे पाण्याखाली गेले! त्या घरांत राहिलेली माणसे आणि त्यांची मुले आजही आपल्यात आहेत. उन्हाळ्यात पाणी हटते तेव्हा जुनी जोती उघडी पडतात. तिथे कुणाला एखादे जोडवे, एखादा तांब्या, देवघरातला एखादा टाक मिळाला, तर त्याने तो “बेवारशी” म्हणू नये. त्याचा वारस कदाचित पाच कोसांवरच्या नव्या गावठाणात बसला असेल आणि त्या वस्तूची मोडीत किंमत चार पैसे असली तरी त्याच्या लेखी ते सारे जुने गाव असेल.

तेव्हा तरुणांना आमचे सांगणे असे. हौस जरूर करा. पण एकट्याने पाण्यात उतरू नका. धरणातून पाणी केव्हा सुटेल आणि गाळ पायाखाली किती खोल असेल ते यंत्र सांगत नाही. लोखंडी गोळ्यासारखे काही लागले तर हात न लावता पोलिसांना कळवा. जुन्या वस्तीच्या पांढरीवर आणि देवळांच्या आवारात यंत्र नेऊच नका. जुनी वस्तू सहज दिसली तर ती घासू नका, जागा लिहून ठेवा, आणि कलेक्टरला कळवा. आणि कुणाची अंगठी सापडली तर, देण्याआधी, तिची जोडी विचारा.

आमची आजी पुढे वीस वर्षे जगली. त्या दोन्ही कुड्या आज आमच्या घरात आहेत. पाण्यातून आलेली कोणती आणि डबीतली कोणती, हे आता कुणालाच सांगता येत नाही. त्या भोयाचे नावही आमच्या घरात कुणी विचारून ठेवले नाही. त्याने आमची कुडी परत आणली. त्याची आठवण मात्र आम्ही निम्मीच राखली. शिंगणापूरच्या वाटेवरून जाताना, दार नसलेली चौकट दिसली की, मूठ मिटून दारात उभा राहिलेला तो म्हातारा आम्हांला दिसतो.